बाजेखालची शेगडी

मुळशी म्हटलं की लोकांना पाऊस आठवतो. माझं लग्न ठरलं तेव्हा माहेरच्यांनीही तेच सांगितलं होतं, तिकडं चार महिने अंगावरचं लुगडं वाळत नाही म्हणे. उन्हाळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. माझं माहेर सासवडकडचं, उघड्या माळावरचं, त्यामुळे ऊन काय असतं ते मला कोणी शिकवायला नको होतं. पण माझ्या सासरच्या गावचं, माल्याचं ऊन वेगळंच निघालं. भोवती डोंगर, वारा म्हणून हलायचा नाही, आणि वैशाखात खाचराखाचरातून राब पेटलेले. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, तोडलेल्या फांद्या पसरून जाळायचं, त्याला राब भाजणं म्हणतात. डोक्यावर सूर्य आणि पायाशी जाळ. घरी येऊन तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं तरी आतली आग विझत नसे.

उन्हाची भीती आम्हांला नव्हती असं नाही. राब भाजायला निघालेल्या माणसाच्या मुंडाशात कांदा खोवलेला असायचा. कैऱ्या भाजून पन्हं केलेलं असायचं. भर दुपारी वाटेनं कोणी परका चालला असला तरी माझ्या सासूबाई ओट्यावरून त्याला हाक मारायच्या आणि गुळाचा खडा आणि पाणी दिल्याशिवाय पुढं जाऊ द्यायच्या नाहीत. गुरांना पाणी, कोंबड्यांना पाणी, अंगणातल्या तुळशीला पाणी. फक्त एका माणसाला मागेल तेवढं पाणी द्यायचं नाही असा घरोघरी नेम होता, आणि ते माणूस म्हणजे बाळंतीण. तिला ऊब द्यायची. थंडी असो, पावसाळा असो की वैशाख असो.

मी सांगते आहे तो उन्हाळा पानशेतचं धरण फुटायच्या पाच-सहा वर्षं आधीचा. घरात आम्ही मोजकीच माणसं होतो. सासूबाई, माझे मालक, लग्नाची नणंद, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई. सासरे पूर्वीच गेलेले. थोरले दीर मुंबईला गिरणीत कामाला होते, ते शिमग्याला आणि गणपतीत यायचे. मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. जाऊबाईंना मी आक्का म्हणायची, आणि त्या माझ्याहून फार तर सहा वर्षांनी मोठ्या असतील. नांदायला आल्यावर पहिलं वर्षभर माझ्या भाकऱ्या भिंतीवर थापाव्यात अशा व्हायच्या. आक्का त्या गुपचूप स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि आपल्या चांगल्या भाकऱ्या बाकीच्यांना वाढायच्या. हे मला कळलं तेव्हा मी रडले, तर म्हणाल्या, "रडतीस कशाला? माजं दात घट हायेत."

त्यांची पहिली दोन बाळंतपणं माहेरी झाली होती, दोन्ही मुलं जगली नाहीत. तिसऱ्या खेपेला माहेरी करणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं. अक्षय्यतृतीया होऊन आठेक दिवस झाले होते. मुलगी झाली. काळीसावळी, भरपूर जावळाची, आणि आवाज असा की शेजारच्या आळीतून बाया बघायला आल्या. आक्कांच्या तोंडावर मी त्या दिवशी जे हसू पाहिलं ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाईंचा बाळंतपणात हात धरणारं गावात कोणी नव्हतं. त्या सुईण नव्हत्या, पण बाळंतिणीचं खाणंपिणं, शेकशेगडी, धुरी, हे सगळं त्यांच्या सल्ल्यानं चालायचं. त्यांच्या हाताखाली गेलेली बाई दगावली नाही असं लोक सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्यांच्या हातची बहुतेक बाळंतपणं पावसाळ्यातली आणि थंडीतली असणार. तेव्हा असा विचार करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

माजघराला लागून एक अंधारी खोली होती, ती आक्कांना दिली. तिचा झरोका पेंढ्याचा बोळा घालून बुजवला. दाराच्या फटीला चिंध्या लावल्या. आक्कांच्या कानाला फडकं बांधलं, अंगावर घोंगडी घातली आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा टाकून दिवसातून तीनदा धुरी द्यायची. खायला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, सुंठ, खोबरं, सगळं कोरडं. पाणी उकळून निवलेलं, तेही वाटीनं, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. बाळंतीण पाणी पाणी करते, पण तिचं ऐकायचं नाही. पाण्यानं पोट सुटतं, अंगात सुवारोग, म्हणजे बाळंतरोग शिरतो आणि मग बाई उठत नाही. हे सासूबाईंनी मला समजावून सांगितलं, आणि शेगडीचं काम माझ्याकडे दिलं.

"निखारं इझू द्याचं न्हाईत," त्या म्हणाल्या. "तुज्यावर सोपवतीया. राबाची कामं हायेत, म्या दिसभर हितं बसू शकत न्हाई."

एवढं मोठं काम माझ्यावर सोपवलं याचा मला अभिमान वाटला, हे सांगताना आता लाज वाटते. मी चुलीतले निखारे खापरात घेऊन जायची, राख झटकून शेगडीत भरायची, गोवरीचा तुकडा ठेवून फुंकायची. खोलीत पाऊल टाकलं की डोळे झोंबायचे आणि पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या. माझं काम झालं की मी बाहेर येऊन माठातलं पाणी पीत असे. आक्का आतच असायच्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पाणी मागितलं. हसत मागितलं. "एक घोट दी की गं, आत्याबायला न्हाई सांगनार." मीही हसले आणि नाही म्हटलं. चौथ्या दिवशी त्या हसल्या नाहीत. ओठांना चिरा पडल्या होत्या. छातीला दूध उतरत नव्हतं आणि पोर ओढून ओढून रडत होती. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शेळीच्या दुधात बोळा भिजवून पोरीला दिला आणि आक्कांच्या डोक्यावरून हात फिरवला. "सोस बाय," त्या म्हणाल्या. "मलाबी असंच वाटायचं. म्याबी सोसलं." त्या प्रेमानं बोलत होत्या. त्यांना आपल्या सुनेला काच करायचा होता असं जर कोणी म्हणेल, तर मी त्याच्याशी भांडेन.

पाचव्या दिवशी सकाळी मी खोलीत गेले आणि आक्कांच्या कपाळाला हात लावला, तर चटका बसला. अंग कोरडं ठणठणीत. आदल्या दिवसापर्यंत त्या घामानं निथळत होत्या, आणि आता एक थेंब नाही. मला बरं वाटलं. घाम थांबला म्हणजे उकडायचं थांबलं असेल, असं माझ्या मूर्ख डोक्याला वाटलं. सासूबाईंना मात्र ते बरं दिसलं नाही. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "वारं शिरलंय. कुटनंतरी वारं शिरलंय." त्यांनी झरोक्याचा बोळा आणखी आत ठासला, आपल्या अंथरुणावरची वाकळ आणून आक्कांच्या अंगावर घातली आणि मला सांगितलं की निखारे दुप्पट कर.

मी दुप्पट केले.

त्या दिवशी आमच्या वरच्या खाचराचा राब पेटवायचा होता. पेटवला की सोडून येता येत नाही, आग बांधावरून उडून दुसऱ्याच्या गवतात जाते. मालक, नणंद आणि सासूबाई, सगळी तिकडं गेली. जाताना सासूबाई दोनदा माघारी वळल्या. मी, आक्का आणि ती पोर, एवढ्याच घरात उरलो. दुपार चढत गेली तशा आक्का बडबडायला लागल्या. मुंबईला असलेल्या नवऱ्याशी बोलत होत्या, मग आपल्या मेलेल्या आईशी. मग एकदम माझ्याकडं वळून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "पाया पडते तुज्या. पानी दी."

माझ्याहून मोठी जाऊ, माझ्या पाया पडते म्हणाली. मी धावत जाऊन माठातलं गडूभर पाणी आणलं आणि त्यांच्या तोंडाला लावलं. निम्मं गळ्यावरून खाली गेलं. गडू संपला, त्यांनी आणखी मागितलं. मी दुसरा आणला नाही. एवढ्यानंच काही झालं तर, असा धाक वाटला. मी गडू घेऊन बाहेर आले, धुऊन पालथा घातला आणि पुन्हा आत जाऊन शेगडीत गोवरी ठेवली. तासाभरात त्यांना झटके आले. राबावरची माणसं अंगाला राख लागलेली तशीच घरी आली तोवर सगळं आटोपलं होतं.

आक्कांच्या लुगड्याची गळ्याजवळची बाजू ओली होती. सासूबाईंनी तिथं बोट लावून पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

त्यानंतरची सात वर्षं मी एकच गोष्ट मनात घेऊन वावरले, की मी पाणी दिलं म्हणून आक्का गेल्या. कोणाला सांगायची सोय नव्हती. मालकांनाही सांगितलं नाही. ती पोर मी वाढवली. शेळीच्या दुधावर, मग भाताच्या पेजेवर, आणि ती जगली. मला पुढं मूल झालं नाही. बायका म्हणायच्या, देवानं हिची ओटी आधीच भरली. मला वाटायचं की ही शिक्षा आहे. पोर मला आये म्हणायची, आणि दर हाकेला मला तो गडू आठवायचा. थोरल्या दिरांनी मुंबईला दुसरा संसार मांडला. त्यांनी पोरीला नेलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभराची ऋणी आहे.

पोर सातेक वर्षांची असेल त्या वैशाखात माझे मालक राब भाजताना कोसळले. आम्ही त्यांना बैलगाडीत घालून पौडच्या दवाखान्यात नेलं. अंग कोरडं, तापलेलं, आणि तोंडानं बडबड चाललेली. मी त्यांना हात लावला आणि माझा हात मागं आला. तोच चटका होता. तिथं एक नर्सबाई होत्या, पुण्याकडच्या, चष्मा लावणाऱ्या. त्यांनी क्षणभर पाहिलं, मालकांचा सदरा काढला, ओल्या चादरीत गुंडाळलं, मला पुठ्ठा देऊन वारा घालायला लावलं आणि डॉक्टरांना हाक मारली. शिरेतून पाणी चढवलं. शुद्ध आल्यावर मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजलं. संध्याकाळी मालक मला ओळखून म्हणाले, "बैलांना चारा टाकला का?" तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

मी नर्सबाईंना विचारलं, हे घरात बसलेल्या माणसाला होतं का? त्या म्हणाल्या, बंद खोलीत कोंडलं तर होईल की. मग मी त्यांना सगळं सांगितलं. माझ्या जाऊबाईंचं म्हणून नाही, शेजारणीचं म्हणून सांगितलं. झरोका, शेगडी, घोंगडी, दोन वाट्या पाणी, थांबलेला घाम. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"त्या बाईला पाण्यानं काही झालं नाही हो," त्या म्हणाल्या. "पाणी मिळालं नाही म्हणून झालं. बाळंतिणीला आपल्यापेक्षा जास्त पाणी लागतं. अंगात पाणी नाही, म्हणून घाम नाही. घाम नाही, म्हणून अंग थंड होणार कसं? आणि वरून शेगडी. पाचव्या दिवशी सकाळी कोणी ती खोली उघडली असती आणि तिला पोटभर पाणी पाजलं असतं तर वाचलीही असती कदाचित."

परतीच्या वाटेवर गाडीत मी डोक्यावरून पदर घेऊन बसले होते. सात वर्षं जो दगड छातीवर होता तो उतरायला हवा होता. उतरला नाही. पाणी दिल्याचं पाप गेलं, आणि त्याच्या जागी एकच गडू दिल्याचं आलं. निखारे दुप्पट केल्याचं आलं.

पुढच्याच वर्षी नणंद बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे आली. चैत्र संपत आला होता. मुलगा झाला. सासूबाईंनी तीच खोली झाडून घेतली आणि झरोक्यात कोंबायला पेंढा आणला. मी दारात आडवी उभी राहिले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यापुढं कधी तोंड वर करून बोलले नव्हते.

"आत्याबाई, शेगडी नको. झरोका उघडा राहू द्या. आणि वन्संना पाणी द्यायचं, मागतील तेवढं."

त्यांनी हातातला पेंढा खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा दिलंस तू पानी. मला ठावं हाय. वल्लं लुगडं म्या बगितलंय. पोरसवदा व्हतीस, म्हून गप ऱ्हायले. कुनाला कळू दिलं न्हाई, तुज्या नवऱ्याला बी न्हाई. आता माजी पोर मारतीस व्हय?"

इतकी वर्षं त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं. माझ्या हातून त्यांची सून मेली असं मनात धरून, त्या रोज माझ्या हातचं जेवत होत्या. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. पण आत नणंद आणि तिचं मूल होतं. मी नर्सबाईंनी सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं, एकही शब्द न गाळता.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी म्या मारली व्हय तिला?"

त्या क्षणी बोलायला हवं होतं. निखारे मी भरत होते, आक्का पाया पडल्या आणि मी दुसरा गडू आणला नाही, हे सांगून निम्मं ओझं तरी माझ्याकडं घ्यायला हवं होतं. मी जमिनीकडं बघत राहिले. सासूबाई उठल्या, शेगडी उचलून अंगणात नेली आणि निखारे मातीत ओतले. मग माठातलं पाणी घेऊन लेकीजवळ जाऊन बसल्या. नणंद महिन्याभरानं मुलाला घेऊन सुखरूप सासरी गेली.

त्यानंतर सासूबाईंनी एक गोष्ट केली, जी करायला माझ्या अंगात बळ नव्हतं. गावात उन्हाळ्यात कुणी बाळंत झालं की बोलावण्याची वाट न बघता त्या जायच्या. आधी लोक ऐकत नसत. तुम्हीच तर शेक द्यायला शिकवलंत, असं तोंडावर म्हणायचे. तेव्हा त्या बाळंतिणीच्या खोलीच्या दारात बसून सांगायच्या, "माजी थोरली सून म्या मारली. शेकून शेकून मारली. तुमी तुमची मारू नगा." हे ऐकल्यावर कोणी वाद घालत नसे. मी कधी त्यांच्या सोबत असायची, पाण्याची कळशी घेऊन. त्यांनी एकदाही माझ्याकडं बोट दाखवलं नाही.

पोर अकरा वर्षांची झाली तेव्हा एकदा अशीच सोबत आली होती. तिनं ऐकलं. घरी आल्यावर मी भाकरी थापत असताना माझ्याजवळ येऊन बसली.

"आये, माज्या थोरल्या आयेला आज्जीनं मारलं का गं?"

"तवा कुनालाच कळत नव्हतं, पोरी," मी म्हटलं.

बोलले ते खरं होतं, आणि तरी ते खोटं होतं. माझ्या तोंडून 'नाही' असं आलं नाही, एवढंच तिनं ऐकलं. त्या दिवसापासून ती आज्जीच्या शेजारी जेवायला बसेना. आज्जीनं दिलेला खाऊ तसाच फडताळात ठेवायची. सासूबाईंना काय झालं ते कळलं असणार. एक दिवस ती अशीच ताट उचलून दुसरीकडं जाऊन बसली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मग त्यांनी आपल्या ताटातली भाकरी मोडायला घेतली.

दोन वर्षांनी, पौषात, त्या गेल्या. घर बायाबापड्यांनी भरून गेलं. ज्यांची लेकरं-सुना त्यांनी वाचवली होती अशा कितीतरी जणी कोळवणपासून चालत आल्या होत्या. पोर कोपऱ्यात कोरड्या डोळ्यांनी बसून होती. मी मात्र त्यांच्या पायांना मिठी मारून अशी रडले की मला आवरेना. बायका एकमेकींना म्हणाल्या, सून असावी तर अशी. मग पोर उठून माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि कानाशी म्हणाली, "आये, तू लई चांगली हायेस गं. तिनं येवढं केलं, तरी रडतीस." मी तिचा हात पाठीवर तसाच राहू दिला.